त्या घरचं अन्न

“वडील कशानं गेले, काका?”

डॉक्टर मृण्मयीनं हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा विचारलं ते तपासणीच्या वेळी, दुसऱ्यांदा ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. दोन्ही वेळा दयानंदनं छातीठोकपणे सांगितलं होतं की वसंतराव गुरुजी चौऱ्याऐंशीव्या वर्षी गेले, सकाळचा चहा घेऊन, पेपर वाचून, कुणाला तसदी न देता. आई नीलाबाई नव्वदीला टेकून गेली. आमच्या घरात असलं काही नाही मॅडम, बिनधास्त ‘नाही’ लिहा.

आता तिसऱ्यांदा विचारताना डॉक्टरांच्या हातात रक्ताचा रिपोर्ट होता. दयानंदनं खाली बघितलं, रुमालानं तोंड पुसलं आणि हळूच विचारलं, “कोणते वडील?”

एवढं विचारायला या माणसाला आठ महिने आणि हातभर आतडं खर्ची घालावं लागलं.

बरं, माणूस अडाणी असता तर आपण समजून घेतलं असतं. पण लातूरच्या ज्युनिअर कॉलेजात तीस वर्षं कारकुनी केलेला गडी! पोरांचे जातपडताळणीचे कागद याच्याच टेबलावरून जायचे. कुणाच्या वंशावळीत चुलत आजोबा सख्ख्याच्या जागी बसला असेल, तर हा चष्मा न लावता पकडायचा आणि बापाला बोलावून झापायचा, “अहो, आजा कोण ते तरी नीट लिहा!” आणि स्वतःची वंशावळ सांगायची वेळ आली तेव्हा साफ चुकला. विसरला म्हणून चुकला नाही. त्याला लहानपणापासून तेच शिकवलं होतं.

दयानंद दत्तक गेलेला. वयाच्या पाचव्या वर्षी, बहात्तरच्या दुष्काळात, लोह्याकडच्या एका खेड्यातून तो लातूरला मावशीच्या घरी आला. नीलाबाई म्हणजे त्याच्या आईची थोरली बहीण; पंचेचाळिशी आली तरी कूस उजवली नव्हती. होम झाला, मांडीवर बसवलं, जुनं नाव पुसून नवं ठेवलं, आणि भटजींनी सांगितलं की आजपासून याचं त्या घराशी नातं संपलं. त्या घरचं सुतक याला नाही, त्या घरच्या मातीत हिस्सा नाही. गुरुजींच्या घरात ‘तिकडचं’ नाव निघालं तरी नीलाबाई जागेवरून उठून जायची. पोरगं काय ते समजलं. तिकडं पोटाला नव्हतं, खाणारी तोंडं जास्त होती, त्यातलं एक कमी केलं. आपण ते कमी केलेलं तोंड. एवढीच समजूत घेऊन तो सत्तावन्न वर्षांचा झाला.

डॉक्टरांनी कोरा कागद पुढं ओढला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, असं काहीतरी त्या काढायला लागल्या. दयानंदला राहवेना. तीस वर्षांची सवय. त्यानं पेन मागून घेतलं आणि स्वतःच सुबक वंशावळ काढली. आजोबा, पन्नाशीच्या आत, पोटानं. वडील भगवानराव, चव्वेचाळिसावं वर्ष, संडासवाटे रक्त पडून. थोरला भाऊ व्यंकटी, त्रेचाळीस, तेच. डॉक्टर एकेक चौकोन काळा करत गेल्या.

“व्यंकटींची मुलं?”

“मूल नव्हतं. बायको नंतर माहेरी गेली.”

“आणि ही?” त्यांनी शेवटच्या गोलावर बोट ठेवलं.

“बहीण. राजकन्या. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. नवरा वारल्यावर तिथंच येऊन राहिली, जन्मघरी.”

“कशी आहे?”

“माहीत नाही,” दयानंद म्हणाला. बोलताना त्याची त्यालाच लाज वाटली.

मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं. रक्तातल्या एका जनुकात बिघाड आहे, तो बापाकडून लेकराकडं उतरतो, मुलगा-मुलगी बघत नाही. प्रत्येक भावंडाला निम्मी शक्यता. ही गोष्ट आधी कळली असती तर दर एक-दोन वर्षांनी दुर्बीण घालून बघितलं असतं, कॅन्सर व्हायच्या आधीच गाठी काढून टाकता आल्या असत्या. पाच वर्षांपूर्वी कॉलेजातल्या तपासणी शिबिरातही दयानंदला हेच विचारलं होतं. तिथंही त्यानं झोकात ‘नाही’ लिहिलं होतं.

“पण मॅडम, मी कधी मटणाला शिवलो नाही. दारू नाही, तंबाखू नाही. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, ताक. रोज पहाटे चालायला जातो. तिकडची माणसं खाण्यापिण्यापायी गेली म्हणतात. मला का?”

“खाण्याचा वाटा असतोच काका. लाल मांस, दारू, तंबाखू, वाढलेलं वजन यानं धोका वाढतो, कोंड्यासकट धान्य खाल्लं तर कमी होतो. पण तुमच्यात हे जन्मापासून आहे. भाकरी बदलून ते पुसलं जात नाही.” मग त्या म्हणाल्या, “बहिणीला सांगा. उशीर करू नका.”

दयानंद घरी आला आणि दारातच खुर्ची टाकून बसला. बायको लता जाऊन बारा वर्षं झालेली. डेंग्यूच्या तापात चार दिवसांत गेली. पोरबाळ झालं नव्हतं. लता म्हणायची, कुणाचं तरी लेकरू आणू, वाढवू. दयानंद एरवी तिचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, पण इथं अडून बसला. दिलेल्या लेकराला काय वाटतं ते मला विचार, म्हणायचा. लता बिचारी गप्प बसली. आता त्या हट्टाचं फळ म्हणजे हे घर. खानावळीचा डबा सकाळ-संध्याकाळ दाराच्या कडीला लटकायचा. केमोच्या दिवसांत बोटांना गार सोसायचं नाही, स्टीलच्या तांब्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या, तेव्हा हा हातात पायमोजे घालून पाणी प्यायचा आणि आपलंच आपल्याला हसायचा. बघायला कोण होतं म्हणा.

आठ दिवस त्यानं काढले. सांगायचं तर कोणत्या तोंडानं सांगायचं? वीस वर्षांपूर्वी व्यंकटी गेला तेव्हा कॉलेजात फोन आला होता. दयानंद घरी येऊन रडायला लागला, तर नीलाबाईनं बंब पेटवला, कढत पाणी काढलं आणि म्हणाली, “आपल्याला सुतक नाही. अंघोळ कर अन् ऑफिसला जा.” आणि हा गेला हो! रजेचा अर्जसुद्धा लिहिला नाही. जन्मदाती रुक्मिणबाई बारा वर्षांमागं गेली, तेव्हाही तेच. आणि राजकन्या? नात्यातल्या लग्नांत दोन-चारदा समोर आली, प्रत्येक वेळी तिनं तोंड फिरवलं. पदर ओढून सरळ दुसऱ्या पंगतीला जाऊन बसायची. दयानंदनं त्याचा एकच अर्थ काढला होता, आपण तिला नकोसे आहोत.

नवव्या दिवशी तो नांदेडच्या एसटीत बसला. कॉलेजच्या कामानं या रस्त्यानं तो शंभरदा गेला असेल. अहमदपूर सोडलं की पुढं, लोह्याच्या अलीकडं, त्याच्या गावाचा फाटा लागतो. दरवेळी तो फाटा आला की तो दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बघत बसायचा. आज पहिल्यांदा उतरला.

राजकन्या अंगणात सुपानं तूर पाखडत होती. केस पांढरे, गळ्यात तुळशीची माळ, अंगानं वाळलेली.

“कोण हाय?”

“मी. लातूरचा दयानंद.”

सूप थांबलं. तिनं वर बघितलं, आणि लगेच मान फिरवली. “वळखलं. मागं फिर.”

“अक्का, पाच मिनिटं—”

“कोण अक्का? इथं तुझं कुणी न्हाई. जा बाबा, गाडी असंल आता.”

“पाणी तरी देशील का नाही?”

“न्हाई. ह्या घरचं पाणी बी पिऊ नको तू. फाट्यावर हाटेल हाय, तिथं पी.”

आता मात्र दयानंदचं टाळकं सरकलं. आठ महिने गिळून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं. “बरोबर आहे तुझं! भावाच्या मातीला आलो नाही, आईच्या मातीला आलो नाही. मी कुत्र्यासारखा ऑफिसात बसून फायली चाळत होतो. पण मला इथून हाकललं कुणी? पाच वर्षांच्या लेकराला बसमध्ये बसवून दिलं कुणी? तुमची भाकर जड झाली होती ना मी?”

राजकन्येनं पुन्हा तूर पाखडायला घेतली.

“मी काही मागायला आलो नाही. मला झालंय, तेवढं सांगायला आलोय. व्यंकटीला झालं तेच. आतड्याचं. कापून काढलंय.”

“खोटं.”

“खोटं कशाला बोलू?”

“खोटं बोलायलास तू!” ती उठून उभी राहिली, सूप कलंडलं, तूर अंगणभर झाली. “तुला कसं व्हईल? तुला व्हनार न्हाई!”

दयानंदनं सदरा वर केला. बेंबीच्या वरून खालपर्यंत गेलेला लांब व्रण होता, अजून लालसर. राजकन्या जवळ आली. एक बोट तिनं त्या व्रणाच्या टोकाला लावलं आणि झटकन मागं घेतलं.

“हनुमंता,” ती म्हणाली. “अरे हनुमंता, हे काय झालं रे.”

हनुमंत हे त्याचं जन्माचं नाव. बावन्न वर्षांत त्याला त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. सत्तावन्न वर्षांचा माणूस तिथंच तुरीच्या दाण्यांवर खाली बसला आणि हमसाहमशी रडला. तिनंही त्याला गप्प केलं नाही, तीही रडत होती.

पाणी मग तिनं आणलं. कोमट करून आणलं, याला गार सोसत नाही हे तिला कसं कळलं कोण जाणे.

“मला दुष्काळापायी दिलं ना?” त्यानं विचारलं.

“दुष्काळ समद्या गावाला व्हता. कुणी दिलं का पोरगं?” राजकन्येनं पदरानं नाक पुसलं. “मी आठ वर्षांची व्हते, पन मला लख्ख ध्येनात हाय. बाबा गेले त्याच्या आदी आजा तसाच गेला व्हता, चुलत आजा बी. आई म्हनली, ह्या घरातले गडी चाळिशीच्या पुढं टिकत न्हाईत. ह्या घराला काईतरी लागलंय. मंग तिनं नीलामावशीला बोलावलं, अन् तिच्या पायावर डोस्कं ठिवलं. म्हनली, थोरल्याला कुणी घेत न्हाई, पोरगी तर पोरगी हाय, बायांना हे लागत न्हाई. ह्या एकाला ने. नाव बदल. ह्या उंबऱ्याला परत आनू नको. अन् ह्या घरचं अन्न त्याला लावू नको, हितल्यावानी तिखट-तेलकट नको, मटन नको, साधं खाऊ घाल.”

नीलाबाईच्या घरातलं बेचव जेवण दयानंदला आठवलं. भजी मागितली की ती म्हणायची, “त्या घरची जीभ उचल खातेय का?” दिवाळीतसुद्धा तळणीतलं मोजून दोन हातावर ठेवायची. तो आयुष्यभर तिला मनातल्या मनात चिक्कू म्हणत आला होता. म्हातारी बहिणीला दिलेला शब्द पाळत होती, आणि बोलली नाही शेवटपर्यंत.

“तुझी याद काढायची न्हाई, आईनं शपथ घातली व्हती,” राजकन्या म्हणाली. “लग्नात तू दिसलास की हाक मारावं वाटायचं. पन म्हनलं आपली सावली नको बाबा. वाचलंय एक, तर वाचू दे. दर राखीला मी देवाच्या कोनाड्यात राखी ठिवायची. अन् आता म्हनतोस तुला बी झालं. मंग मी बावन्न वर्षं तोंड कशाला फिरवलं रे?”

दयानंदनं तिचा हात धरला आणि ज्या कामाला आला होता ते काढलं. “अक्का, तुला त्रास आहे का काही? रक्त पडतं का?”

“पडतंय सा महिने झाले. मूळवेध हाय. गावातला एक जन पुडी देतो.”

“उद्या नांदेडला चल. तपासायचं.”

“मला कशाला? मी माळकरी. मासमच्छीला कधी शिवले न्हाई. अन् बायांना न्हाई लागत.”

“लागतं. बायांना पण लागतं, डॉक्टर म्हणाल्या. आणि मटणाचं म्हणशील, तर मी कुठं खाल्लं, अक्का? बावन्न वर्षं त्या घरात कांद्याचं भजं मिळालं नाही मला. मग मला कसं झालं?”

तरी ती नाही-नाहीच म्हणत राहिली, तूर कोण भरणार, कोंबड्यांना कोण बघणार. माळकरी बाईला कोंबड्या कशाला, असं दयानंद म्हणाला तेव्हा शेजारणीच्या हायत म्हणाली. शेवटी त्यानं तिच्या लेकीचं नाव काढलं. गीतांजली नांदेडात शाळेवर शिक्षिका. “तुझ्यात असलं तर तिच्यात असू शकतं. तिला दोन लेकरं आहेत. तुझ्यासाठी नको येऊ.” तेव्हा राजकन्या उठली आणि तूर गोळा करायला लागली.

नांदेडच्या दवाखान्यात दुर्बिणीच्या आधी पोट साफ करायचं औषध देतात, तांब्यावर तांबे. राजकन्येनं गीतांजलीच्या घरात दिवसभर तमाशा केला. “मानसाला मारायचं तर एकदाच मारा! हे काय पानी पाजून पाजून!” पाचव्यांदा संडासातून येताना तिनं दयानंदला विचारलं, तुला बी असंच केलं का रे? तो हो म्हणाला. मग ती मुकाट्यानं उरलेलं प्याली.

तपासणी झाली. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, आतडं स्वच्छ आहे, एक गाठ नाही. मूळव्याध आहे, साधी.

गुंगीतून नीट बाहेरही आली नव्हती बाई, पण ऐकलं. “म्हनलं न्हवतं का!” ती वॉर्ड दणाणून सोडत ओरडली. “म्हनलं न्हवतं का मूळवेध हाय म्हनून! मोठा आला लातूरचा!”

गीतांजली हसून हसून रडली. पण दयानंदला पुरतं हसू फुटेना. आज स्वच्छ आहे म्हणून उद्या असेलच असं नाही, तिचं रक्तही तपासायला दिलं होतं, त्याचा रिपोर्ट यायचा होता. बिघाड तिच्यात उतरला असेल तर दरवर्षी हेच, आणि लेकीचंही हेच. रिपोर्टला चार आठवडे लागणार होते. तो लातूरला परतला. रोज सकाळी सातला राजकन्येचा फोन यायला लागला. “काय खाल्लंस? ताक घेतलंस का?” एवढंच. फोन ठेवला की घर आधीपेक्षा जास्त गप्प वाटायचं, कारण आता गप्प नसलेलं कसं असतं ते त्याला कळलं होतं. पंधरा दिवसांनी त्याचं स्वतःचं स्कॅन झालं. यकृतावर काहीतरी दिसतंय, पुन्हा बघावं लागेल, असं डॉक्टर मृण्मयीनं सांगितलं. ही गोष्ट त्यानं फोनवर सांगितली नाही. ताक घेतलं, म्हणाला.

रिपोर्टच्या दिवशी तो पहिल्या गाडीनं नांदेडला पोचला. डॉक्टरांनी कागद उघडला आणि सरळ सांगितलं, “तुमच्यात तो बिघाड नाही, आजी. मुलीलाही या बाजूनं भीती नाही. नेहमीची काळजी घ्या, बस.”

गीतांजलीनं मामाचे पाय धरले. मग घरी कळवायला ती फोन घेऊन बाहेर पळाली. दयानंदला तर वाटलं, आपण इतके खूश लताशी लग्न ठरलं त्या दिवसानंतर झालो नव्हतो. त्यानं बहिणीकडं बघितलं. तिचा चेहरा पार उतरला होता.

दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली बाकडं होतं, तिथं ती बसली. कितीतरी वेळ हातातल्या पिशवीचे बंद सोडत आणि बांधत राहिली.

“म्हंजी आईनं चुकीचं लेकरू दिलं,” ती म्हणाली.

“असं काय बोलतेस?”

“मंग काय तर! मला काईच न्हवतं, मला कुशीत ठिवलं. तुझ्यात व्हतं, तुला परक्याच्या दारात टाकलं. एकटा वाढलास, एकटा आजारी पडलास, एकट्यानं पोट फाडून घेतलंस. अन् उपेग काय? तुझं काईच टळलं न्हाई. समदं वाया.” तिनं पिशवीचा बंद घट्ट आवळला. “आई मरताना शुद्धीवर व्हती, हनुमंता. व्यंकटी गेल्यापून ती हसली न्हवती. पन त्या दिशी माझा हात धरून म्हनली, एक तर वाचवला मी. त्यावरच डोळे मिटले तिनं. आता ती बी खोटीच ठरली की रे.”

दयानंद उठला. “थांब, एक फोन करून आलो,” म्हणाला आणि फाटकापाशी गेला. डॉक्टर मृण्मयी ओपीडीत होत्या, तरी त्यांनी फोन घेतला.

“मॅडम, एकच विचारायचं होतं. वडील, भाऊ पंचेचाळिशीच्या आत गेले. मी सत्तावन्नला आहे. मावशीकडं वेगळं खाल्लं, म्हणून मला उशिरा झालं का?”

“काका, सांगता येत नाही. एकाच घरात, एकच बिघाड असलेल्या भावांत कुणाला चाळिशीत होतं, कुणाला साठीत. कधी कशानं ते कळत नाही. खाण्यानं फरक पडला असेलही, नसेलही. हो म्हणाले तर ते खोटं होईल.”

“बरं,” दयानंद म्हणाला. “बरं. आभारी आहे.”

फोन खिशात टाकून तो परत आला. तीस वर्षांच्या नोकरीत या माणसानं कुणाच्या कागदावर एक तारीख चुकीची लिहिली नव्हती. लोक हातापाया पडायचे, साहेब तेवढं वय दोन महिन्यांनी सरकवा, पण हा सरकवायचा नाही.

“लातूरच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं,” तो बहिणीच्या शेजारी बसत म्हणाला. “त्या म्हणाल्या, मावशीच्या घरच्या खाण्यानंच वाचलो. तिथं वाढलो नसतो तर मीही व्यंकटीच्या वयातच गेलो असतो.”

राजकन्येनं त्याच्याकडं रोखून बघितलं. “नक्की म्हनल्या?”

“नक्की म्हणाल्या. लिहून देते, म्हणाल्या.”

ती बोटांच्या पेरांवर मोजायला लागली. व्यंकटी त्रेचाळीसचा गेला. हनुमंत आता सत्तावन्नचा. मोजताना तिचे ओठ हलत होते. एकदा चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

“चौदा,” ती म्हणाली. “चौदा वर्षं झाली की रे.”

“हो.”

“आईनं दिली.”

“हो. आईनं दिली.”

तिनं पदरानं तोंड पुसलं. ती त्याच्याकडं वळली आणि लहान लेकराला जत्रेतून आल्यावर विचारावं तसं तिनं विचारलं, “चांगली गेली का रे ती वर्षं?”

दयानंदनं समोर बघितलं. त्या चौदातल्या दुसऱ्याच वर्षी लता गेली होती.

“लई चांगली गेली, अक्का,” तो म्हणाला.